थकल्या दिवसाचा पाठही शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

योगदिनाच्या दुसऱ्या दिवशी आपल्या दैनिकात शहरभरची छायाचित्रे होती: मैदानावरच्या रांगा, शाळेची मुले, सोसायटीच्या पार्किंगमध्ये पदर खोचून वृक्षासनात उभ्या राहिलेल्या आजी. पाहून फार बरे वाटले. संयुक्त राष्ट्रांनी २०१४ च्या डिसेंबरात २१ जून हा दिवस जाहीर केला आणि २०१५ पासून तो साजरा होऊ लागला. त्याआधी योगवर्ग म्हणजे निवृत्त माणसांचे काम, असा समज आमच्या भागात होता. आज वर्गात तरुण मुले-मुली येतात, घरकाम करणाऱ्या बायका येतात, हे त्या दिवसाचे मोठे देणे आहे. मी हडपसरला एका देवळामागच्या सभागृहात अनेक वर्षे योगवर्ग घेते आणि दर जूनमध्ये नव्या चटया घेऊन येणारे चेहरे पाहून मला खरोखर आनंद होतो.

हे पत्र मात्र त्या चेहऱ्यांच्या पुढच्या दोन-अडीच महिन्यांविषयी आहे. गणपती येईपर्यंत त्यातले बहुतेक जण यायचे थांबलेले असतात. लोक म्हणतात, आरंभशूर असतात हो, आळस आला असेल. माझा अनुभव तसा नाही. वर्ग सुटलेली माणसे भाजी घेताना, बँकेत, दवाखान्यात भेटतात, तेव्हा मी त्यांच्याशी बोलते. त्यांतल्या फार थोड्यांना कंटाळा आलेला असतो. एखादीचा खांदा धरलेला असतो. एखाद्याची झोप पार बिघडलेली असते. आणि पुष्कळांचे उत्तर एकच असते: "मध्ये चार दिवस खाडा झाला, मग यायची लाजच वाटली." हे शेवटचे उत्तर ऐकले की मला फार वाईट वाटते. कारण ही लाज आपण त्यांना शिकवलेली असते.

वर्गांचे फलक वाचून पाहा. '२१ दिवस अखंड', 'एकही खाडा नाही', '१०८ सूर्यनमस्कार संकल्प', पूर्ण हजेरीला पदक, प्रमाणपत्र, व्हॉट्सॲपच्या गटावर रोजचा आकडा. जूनमध्ये हे सुरू होते आणि रथसप्तमीला पुन्हा एकदा जोर धरते. सूर्यनमस्कार ही महाराष्ट्राने जपलेली गोष्ट आहे. साताऱ्याकडच्या औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींनी तो शाळाशाळांत नेला, त्याचा मला अभिमान आहे. मी स्वतः रोज घालते. पण ज्याने गेल्या दहा वर्षांत वाकून बुटाची नाडीसुद्धा नीट बांधलेली नाही त्याने १०८ घालायचे, याचा हिशोब कोणी करून पाहतो का? प्रत्येक नमस्कारात दोनदा पुढे वाकणे असते. म्हणजे २१६ वेळा कमरेतून वाकणे, १०८ वेळा तळहातांवर भार घेऊन छाती जमिनीकडे नेणे, १०८ वेळा पाठीची कमान. पहिल्या दहांत श्वास आणि हालचाल जुळलेली असते. पन्नासनंतर नवशिक्याचे कोपर बाहेर पडतात, खांदे कानाला लागतात, कंबर लोंबते. साठावा नमस्कार तो मनगटावर आणि मणक्यावर घालत असतो.

स्नायू काही आठवड्यांत बळकट होऊ लागतो. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरेला त्याहून पुष्कळ जास्त वेळ लागतो. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात माणसाला वाटते की आता अंगात ताकद आली, तो जोर वाढवतो आणि नेमकी तेव्हाच इजा होते. मांडीच्या मागचे स्नायू जिथे बसण्याच्या हाडाला चिकटतात तिथली दुखावलेली कंडरा महिनोन्‌महिने पिच्छा सोडत नाही. खुर्चीत बसले की टोचते, जिना चढताना टोचते. अशी माणसे वर्गात आली की मी आधी त्यांचे पश्चिमोत्तानासन, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकणे, बंद करते आणि त्यांना फिजिओथेरपिस्टकडे पाठवते.

यात बायकांचा प्रश्न निराळा आणि जास्त गंभीर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांमध्ये रक्तक्षय आढळला आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात, पुरुषांची ९७. म्हणजे माझ्या वर्गात सकाळी सहाला येणारी बाई पाचला उठून पाणी भरून, दूध तापवून, कणीक मळून आलेली असते. वर्ग सुटला की पळत जाऊन डबे भरणार असते. त्यात नवरात्राचे नऊ दिवस उपास आणि त्याच नऊ दिवसांत 'देवीसाठी रोज १०८' असा संकल्प कोणीतरी काढते. अशा वेळी वर्गात डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांना त्या क्षणी हवे असते ते लोह, दोन घास जेवण आणि झोप.

आमच्या वर्गात एक मावशी येतात. चार घरच्या पोळ्या करतात. दिवसभर हात लाटण्यावर आणि मान खाली. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "ताई, मला ते हातावरचं नको, माझे हात घरी येईपर्यंत गळून जातात. मला पाठ टेकायला शिकवा." मला वाटते, आपल्या शरीराचे इतके अचूक निदान वर्षानुवर्षे योग करणाऱ्यांनाही जमत नाही. मी त्यांना खांद्यांखाली चादरीची गुंडाळी ठेवून छाती उघडायला शिकवले. पाय खुर्चीवर ठेवून पडायला शिकवले. त्या अजून येतात. ज्या आठवड्यात लग्नाच्या घरी जास्तीचे काम असते त्या आठवड्यात येत नाहीत, नंतर पुन्हा येतात, आणि वर्गातल्या कोणालाही त्याचे काही वाटत नाही.

मगरपट्ट्यात रात्रपाळी करणारा एक मुलगाही होता. अमेरिकेच्या वेळेनुसार काम, घरी यायला रात्रीचे दोन. कोणीतरी सांगितले होते की योग ब्राह्ममुहूर्तावरच फळतो, म्हणून साडेपाचच्या वर्गाला हजर. तीन तासांच्या झोपेवर कपालभाती, म्हणजे पोटाच्या झटक्याने भराभर श्वास बाहेर टाकणे. काही दिवसांत चिडचिड, छातीत धडधड, भूक नाही. मी त्याला सांगितले, "बाळा, तू आधी झोप. दुपारी उठलास की घरीच वीस मिनिटे कर." त्याला हे पटायला वेळ लागला, कारण पहाट सोडणे म्हणजे हरणे असे त्याच्या मनाने घेतले होते. पहाट उत्तमच. पण ती लवकर निजणाऱ्यासाठी.

परंपरेचा दाखला देऊन कडक नियम लादणाऱ्यांनी परंपरा नीट वाचावी, अशी माझी हात जोडून विनंती आहे. हठप्रदीपिकेच्या पहिल्याच उपदेशात योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्या आहेत. अतिखाणे आणि वायफळ बोलणे त्यात आहेच, पण अतिश्रमही आहेत आणि नियमांचा अट्टहासही आहे. त्यावरच्या ज्योत्स्ना टीकेत ब्रह्मानंदांनी या अट्टहासाची उदाहरणे दिली आहेत: पहाटेचे गार पाण्याचे स्नान, फक्त रात्री जेवणे, केवळ फळांवर राहणे. शेकडो वर्षांपूर्वी नाथपंथी हठयोग्याने लिहिलेला हा ग्रंथ आहे. शरीराला वाकवण्यात ज्यांनी आयुष्य घातले ते लोक हे सांगत आहेत. आणि 'नैरंतर्य हवे' म्हणून पतंजलींचे सूत्र ऐकवणाऱ्यांनी तेच पतंजली आसनाविषयी काय म्हणतात तेही ऐकवावे. आसन स्थिर आणि सुखाचे असावे, आणि ते साधते प्रयत्न सैल सोडल्याने.

लांब कशाला जायचे, आपल्या पुण्यातच बी. के. एस. अय्यंगार होते. लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय यांनी पोखरलेला मुलगा १९३७ साली इथे आला आणि डेक्कन जिमखान्यावर शिकवू लागला. त्यांची स्वतःची साधना अतिशय कठोर होती, हे खरे. पण त्यांनी जगाला दिले काय? लाकडी ठोकळे, दोर, पट्टे, घडीची खुर्ची, लोड. ज्याचा हात जमिनीला पोचत नाही त्याच्यासाठी जमीन वर आणली. आजारी, थकलेल्या, गरोदर, म्हाताऱ्या माणसाला लोडावर आडवे करून आसनाचा लाभ मिळवून दिला. मॉडेल कॉलनीतल्या त्यांच्या संस्थेत १९७५ पासून हे शिकवले जाते. त्याच शहरात आपण मैदानावर माईकवरून आकडे मोजत बसावे, हे मला पटत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे. प्रत्येक योगवर्गाने दोन पाठ शिकवावेत, मोठा आणि छोटा. मोठा पाठ बऱ्या दिवसाचा. आयुष मंत्रालयाने योगदिनासाठी तयार केलेला सामान्य योग क्रम पंचेचाळीस मिनिटांचा आहे, तो चांगला आहे, मी तोच थोडाफार बदलून घेते. छोटा पाठ थकल्या दिवसाचा. पाळीच्या पहिल्या दिवसाचा, तापातून उठल्यावरचा, घरात कोणी आजारी असतानाचा, परीक्षेच्या आणि मार्चअखेरच्या दिवसांचा. तो पहिल्याच आठवड्यात शिकवायला हवा, मोठ्या पाठाच्या बरोबरीने आणि तितक्याच मानाने. माणसाचा वर्ग सुटतो तो वाईट दिवशी. त्या दिवशी करायचे काय हे माहीत नसले की तो काहीच करत नाही, आणि सलग काही दिवस काहीच केले नाही की त्याला वाटते, आपले संपले.

छोट्या पाठात मी काय घेते ते सांगते. पाठीवर पडून एकेक गुडघा पोटाशी, पवनमुक्तासन, दोन्ही बाजूंनी सावकाश. मग गुडघे वाकवून दोन्ही बाजूंना सोडायचे, कंबर आपोआप पिळली जाते. जमेल त्याने सेतुबंध, म्हणजे पावले टेकवून कंबर वर उचलणे, कमरेखाली उशी असली तरी चालते. मग पिंढऱ्या खुर्चीवर किंवा पलंगाच्या कडेवर ठेवून पडायचे. गुडघे काटकोनात, डोळ्यांवर रुमाल. हे सगळ्यात महत्त्वाचे आहे आणि हेच लोक वगळतात. शेवटी बसून किंवा पडूनच भ्रामरीची, म्हणजे श्वास सोडताना भुंग्यासारखे गुणगुणण्याची, पाच-सहा आवर्तने. बारा-पंधरा मिनिटांत संपते. जिला तेवढीही सवड नाही तिने कुकरची शिट्टी होईपर्यंत ओट्याला हात टेकवून, पाय मागे नेऊन पाठ सरळ ताणावी. ओटा धरून टाचा उचलून ताडासनात उभे राहावे. चिकुनगुन्या होऊन गेलेल्यांना सांधे धरल्याने बरेच दिवस तेवढेच जमते, आणि तेवढे केलेले माणूस परत मोठ्या पाठाकडे येते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

कपालभातीला छोट्या पाठात जागा नाही. रक्तदाब वाढलेला असेल, हर्निया असेल, फिट्स येत असतील, पोटात बाळ असेल तर ती मोठ्या पाठातही नको. काचबिंदू असलेल्याने डोके खाली पाय वर असली आसने टाळावीत, कारण डोळ्यातला दाब वाढतो. हे दर वर्गाच्या फलकावर मोठ्या अक्षरांत हवे. ते फार थोड्या ठिकाणी दिसते.

कोणता दिवस कोणत्या पाठाचा हे ठरवायला मी लोकांना त्यांच्या शरीराकडे पाहायला सांगते. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केले तेव्हा योगक्रियांत शरीरात काय घडते ते उपकरणांनी मोजायला घेतले होते. तीच दृष्टी घरात वापरता येते. सकाळी उठायच्या आधी पडल्या पडल्या मनगटाची नाडी मोजा. नेहमीपेक्षा ती बरीच जास्त असेल, रात्री झोप मोडली असेल, मुलांवर उगाच ओरडायला होत असेल, तर त्या दिवशी छोटा पाठ. स्नायू दुखून एक-दोन दिवसांत बरा झाला तर काळजी नाही. दुखणे सांध्यात असेल, टोचरे असेल किंवा रात्री जागे करत असेल तर थांबा आणि दाखवून घ्या. व्हॉट्सॲपच्या गटावर टाकायचा आकडा यात कुठेच नाही.

वारीचा मार्ग आमच्या हडपसरवरून जातो, दोन्ही पालख्यांचा. ज्ञानोबांची पालखी आळंदीहून पंढरपूरला अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालते. पुण्यात दोन मुक्काम. मग पुण्याहून दिवेघाट चढून सासवडपर्यंतचा वाटेतला सगळ्यात लांबचा पल्ला, आणि सासवडला पुन्हा दोन मुक्काम. विश्रांती वेळापत्रकातच असते. म्हणून ऐंशी वर्षांच्या माळकरी बायका पंढरपूरला पोचतात, आणि सासवडला थांबल्याबद्दल कोणी त्यांना प्रमाणपत्र नाकारत नाही.

यावर शिस्तीचा मुद्दा निघतो. सवलत दिली की लोक सैलावतात, असे मला अनेक सहकारी सांगतात. त्यांची तळमळ खरी आहे. पण छोटा पाठ ही सूट नाही. त्या दिवशीही चटई अंथरायचीच असते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल सुचवते, आणि तीही आठवड्याच्या हिशोबाने, एका दिवसात उरकण्यासाठी नव्हे. कार्यालयांसाठी आयुष मंत्रालयानेच पाच मिनिटांचा 'वाय-ब्रेक' काढला, खुर्चीतून उठून करण्याजोगा. पाच मिनिटांना सरकार मोल देते, मग योगवर्गाने का देऊ नये?

आणखी एका गोष्टीविषयी कोणी लिहीत नाही, म्हणून लिहिते. योगशिक्षकही थकतात. सकाळचे तीन वर्ग, मधल्या वेळात कोणाच्या तरी घरी जाऊन शिकवणे, संध्याकाळी सोसायटी, आणि आता पहाटे अमेरिकेतल्या मराठी मंडळींचा ऑनलाइन वर्ग. प्रत्येक वर्गात प्रत्येक आसन करून दाखवले म्हणजे त्याच बाजूचे त्रिकोणासन दिवसात कितीदा होते याची कल्पना करा. माझ्या ओळखीच्या तरुण शिक्षिकांच्या कमरा तिशीत गेल्या आहेत. त्यांना आजारपणाची पगारी रजा नाही. महिन्याची फी वर्ग झाले तरच मिळते. मी त्यांना सांगते की तोंडाने शिकवा, वर्गात फिरून शिकवा, एकदा दाखवा आणि मग विद्यार्थ्याकडून करून घ्या. आणि स्वतःची साधना शिकवण्यापासून वेगळी ठेवा, मग ती पंधरा मिनिटांचीच का असेना. आठवड्यातला एक वार वर्ग बंद असतो हे पालकांना, सोसायटीला, विद्यार्थ्यांना आधीच सांगून टाका. माझा वर्ग गुरुवारी बंद असतो. सुरुवातीला कुरकुर झाली, आता गुरुवारी लोक घरी छोटा पाठ करतात.

आपल्याकडून आणि आपल्या वाचकांकडून काही अपेक्षा आहेत. महापालिकेची आणि देवस्थानांची सभागृहे योगदिनाच्या आठवड्यात मोफत उघडतात. तीच जुलै-ऑगस्टमध्ये, पावसाने मैदाने चिखल झालेली असताना, आठवड्यातून तीन दिवस उघडी ठेवावीत, आणि एक वर्ग दुपारी चारला असावा. सकाळची कामे उरकलेल्या बायकांना आणि रात्रपाळीच्या मुलांना तीच वेळ सोयीची असते. सोसायट्यांनी पूर्ण हजेरीचे पदक बंद करावे. द्यायचेच असेल तर आजारपणानंतर परत आलेल्या माणसाचे टाळ्या वाजवून स्वागत करावे. शाळांनी रथसप्तमीला मुलांना वयानुसार आणि सवयीनुसार नमस्कार घालू द्यावेत, दमलेल्याला मध्येच बसण्याची मोकळीक द्यावी आणि तसे आधी माईकवरून सांगावे.

आणि आपण पुढच्या योगदिनाची पुरवणी काढाल तेव्हा मैदानावरच्या गर्दीच्या शेजारी अर्धे पान छोट्या पाठाला द्यावे. चित्रांसाठी चपळ तरुण मुलगी नको. पन्नाशीची, नऊवारीतली किंवा सलवार-कमीजमधली, पलंगाच्या कडेवर पाय ठेवून पडलेली बाई हवी. आमच्या वर्गातल्या पोळ्या करणाऱ्या मावशी त्यासाठी तयार आहेत, मी विचारून ठेवले आहे. पाठाचा मजकूर मी एका कागदावर लिहून काढला आहे आणि दोन फिजिओथेरपिस्टांकडून तपासून घेतला आहे. हवा असल्यास पाठवते. त्यावर माझे नाव घालण्याची गरज नाही.

आपली,
एक योगशिक्षिका,
हडपसर, पुणे